मासा लागतो आणि सुटतो: आधी तुटलेलं टोक बघा

उथळ खाऱ्या पाण्यात हलक्या रॉडवर गरवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही सकाळ येते. गुडघाभर पाणी, खालची वाळू दिसतेय, मासा ल्यूरवर, म्हणजे खोट्या आमिषावर, तुटून पडतो, रॉड वाकतो, रील किंचाळतं आणि मग एकदम शांतता. रॉड सरळ, लाइन वाऱ्यावर. तोंडातून पहिलं वाक्य निघतं, “मोठा होता!” दुसरं निघतं, “लाइनच बेकार!”

एखाद्या वेळी ठीक आहे. पण दर दोन-तीन खेपांना हेच होत असेल तर दोष माशाच्या आकाराचा नाही आणि बहुतेक वेळा लाइनचाही नाही. मी स्वतः एका हंगामात दोनदा लाइन बदलली. १० पौंडांची (म्हणजे तेवढी ओढ सोसणारी) काढून १५ची घातली, १५ची काढून २०ची. मासे सुटायचे काही थांबले नाहीत, फक्त ल्यूर पूर्वीसारखा लांब जाईना. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेवटी एका सकाळी ओळीने तीन मासे गेले. वैतागून लीडरचा, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या वेगळ्या धाग्याचा, उरलेला तुकडा कापायला घेतला आणि सहज त्याचं टोक उजेडात धरून पाहिलं. टोकाला स्प्रिंगसारखी वेटोळी होती. म्हणजे लाइन तुटलीच नव्हती, माझी गाठ सरकून सुटली होती.

तेव्हापासून सवय लावून घेतली. मासा सुटल्यावर जे टोक परत येतं ते चार बोटं कापून खिशातल्या छोट्या डबीत टाकायचं. घरी गेल्यावर भिंगाखाली बघायचं. खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या डबीतून आलेलं आहे.

मासा कधी सुटला?

टोक बघण्याआधी एवढं आठवा. लागल्या लागल्या, पहिल्या सेकंदात सुटला असेल तर गळ नीट रुतलाच नव्हता. पहिल्या धावेत सुटला तर संशय ड्रॅगवर, म्हणजे रीलच्या ब्रेकवर, आणि गाठींवर. मासा लांब गेलाय, लाइन ताणलेली आहे, हाताला खरखर जाणवतेय आणि मग सुटला, तर कालवं किंवा कांदळाची मुळं. आणि पायाशी आल्यावर सुटला असेल तर तो बहुधा तुम्हीच सोडवलात. त्याबद्दल शेवटी.

उथळ पाण्याची एक गंमत लक्षात ठेवायला हवी. खोल पाण्यात मासा खाली बुडी मारतो. इथे खाली जागाच नाही, त्यामुळे तो आडवा धावतो आणि लांब धावतो. पन्नास-साठ मीटर लाइन बघता बघता बाहेर जाते, ती पाण्यात धनुष्यासारखी बाक घेते, तिच्यावर शेवाळ आणि गवत जमतं. खोल पाण्यात जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही.

टोकाला वेटोळं: गाठ सरकली

माझ्या डबीत सगळ्यात जास्त टोकं याच जातीची. लाइनचं शेवटचं एक-दोन सेंटिमीटर स्प्रिंगसारखं वळलेलं, टोक मात्र तुम्ही कापलं होतं तसंच स्वच्छ. गाठीचे वेढे एकामागून एक निसटले आणि शेवटी कापलेलं टोक त्यातून बाहेर आलं, त्याचीच ही खूण.

ब्रेडेड लाइनवर हे जास्त होतं आणि त्याचं कारण तिच्या धाग्यातच आहे. ती पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म तंतूंची विणलेली असते. पॉलिएथिलीन मेणासारखं गुळगुळीत असतं, पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं आणि ताणल्यावर जवळजवळ वाढत नाही. नायलॉनवर जी गाठ पाच वेढ्यांत घट्ट बसते ती यावर बसत नाही. नायलॉन नायलॉनमध्ये रुततं, ब्रेडेड मात्र घसरते.

ब्रेडेडला लीडर जोडायला डबल युनी गाठ वापरत असाल तर ब्रेडेडच्या बाजूला आठ वेढे द्या आणि लीडरच्या बाजूला चार पुरतात. दोन्हीकडे सारखेच वेढे देणं ही नेहमीची चूक. जाड लीडरला जास्त वेढे दिले की ते एकमेकांवर चढतात आणि गाठ बसतच नाही, पातळ ब्रेडेडला कमी दिले की ती निसटते.

मी आता एफजी गाठच मारतो. तिचं तत्त्व वेगळं आहे. इथे ब्रेडेडला गाठच नसते, ती लीडरभोवती एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने अशी गुंडाळत जायची. ताण आला की हे वेढे आवळतात आणि लीडरच्या अंगात रुततात. ओढ जितकी जास्त तितकी पकड जास्त. म्हणूनच ती बारीक राहते आणि रॉडच्या कड्यांमधून सहज सरकते. पण सगळा खेळ गुंडाळतानाच्या ताणाचा आहे. ब्रेडेड एका बाजूला कशाला तरी बांधून किंवा दातात धरून कायम ताठ हवी. मी वीस वेढे देतो, दहा वरून आणि दहा खालून, मग दोन हाफ हिच (साधे फास) टाकून ब्रेडेडची दोन्ही टोकं ओली करून जोरात ओढतो. इथे थांबून नीट बघा. वेढे खरोखर रुतले की ब्रेडेडचा रंग तेवढ्या भागात बदलतो. फिकट हिरवी असेल तर गडद, ओलसर दिसायला लागते आणि वेढे एकमेकांना चिकटून सरळ ओळीत बसतात. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही, मग ती कितीही सुबक दिसो. मी पहिले दोन महिने सुबक दिसणाऱ्या गाठी मारत होतो.

ओढताना हाताला फडकं गुंडाळा किंवा हातमोजे घाला. पातळ ब्रेडेड ताणली की सुरीसारखी कापते. बोटावर मिठाचं पाणी घेऊन सकाळ काढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

ल्यूरच्या किंवा फ्लायच्या (गळावर पिसं-केस बांधून केलेलं हलकं आमिष) टोकाला मी न सरकणारी लूपची गाठ मारतो. अमेरिकेचे फ्लाय-फिशिंगचे गुरू लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनी ती लोकप्रिय केली. ल्यूर लूपमध्ये मोकळा हलतो हा तिचा एक फायदा. वेढ्यांची संख्या लाइनच्या जाडीवर ठरते: ८ ते १२ पौंडांना पाच, १५ ते ४० पौंडांना चार. ४० पौंडांच्या लीडरला सात वेढे देऊन ‘जास्त मजबूत’ गाठ मारणारे मित्र मला भेटलेत. ती गाठ पूर्ण आवळतच नाही, माशाच्या पहिल्या झटक्याला आवळायला लागते आणि त्याच झटक्यात जाते.

टोक पांढरट, सुरकुतलेलं: गाठ भाजली

हे वेटोळ्यापेक्षा वेगळं. इथे लाइन गाठीपाशीच तुटलेली असते, पण टोकाजवळचे काही मिलिमीटर नागमोडी आणि दुधी झालेले असतात. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तेवढा भाग तापतो आणि कमजोर होतो. फ्लुओरोकार्बनच्या लीडरवर हे जास्त दिसतं, कारण तो कडक असतो आणि आपण चिडून जोर लावतो.

उपाय सोपा आहे. थुंकी लावा, हळू ओढा, शेवटी एकदाच घट्ट करा. गाठीशेजारची लाइन दुधी दिसली तर कापून परत मारा. समोर मासे उड्या मारत असताना हे जमत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी घरूनच पाच-सहा लीडर एका टोकाला लूप मारून, गुंडाळून नेतो.

स्वच्छ, तिरका काप: दात नाहीतर कल्ला

एकदम साफ कापलेलं टोक, ना वेटोळं ना फेस. दातवाला मासा असेल तर कारण उघड आहे. पण जिताड्यासारख्या माशाला तसे कापणारे दात नसतात, तरी लीडर जातो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. तो उडी मारून डोकं झटकतो तेव्हा लीडर त्या कडेवर घासतो. म्हणून त्याच्यासाठी टोकाला ३० ते ४० पौंडांचा तुकडा लावतात, बाकी सगळं साहित्य हलकं असलं तरी.

फ्लायवर गरवणाऱ्यांनी इथे एक नियम माहीत करून घेतलेला बरा. १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांसाठी हा जाड तुकडा गाठींसकट १२ इंचांपेक्षा लांब चालत नाही आणि त्याच्या मागचा मोजमापाचा बारीक भाग किमान १५ इंच लागतो. विक्रमाशी कर्तव्य नसेल तर दीड हात लावा, कोणी विचारणार नाही.

खरबरीत, फेसाळलेलं टोक: कालवं

भिंगाची गरज नाही. लीडर अंगठ्याच्या नखावरून ओढा. सुटलेल्या टोकापासून वर हातभर खरखर लागली तर मासा कालवांच्या खडकावरून किंवा मुळांमधून गेला होता. अशा वेळी गाठ, ड्रॅग, गळ सगळं निर्दोष.

लीडर लांब करा. मी आता दोन हात लीडर लावतो, आधी जेमतेम एक हात असायचा. मासा लांब धावत असताना रॉड उंच धरा, अगदी हात डोक्यावर नेऊन, म्हणजे जास्तीत जास्त लाइन पाण्याच्या वर राहील. मासा जवळ आल्यावर मात्र उलट, रॉड खाली आडवा घेऊन बाजूने ओढा, म्हणजे त्याचं तोंड वळतं. आणि दर माशानंतर, अगदी बोटभर मासा असला तरी, नखाची परीक्षा. खरखर लागली की तेवढा भाग कापायचा. आळस केला की पुढचाच मासा मोठा असतो, असा माझा अनुभव आहे.

लीडर, गाठ सगळं गेलं, ब्रेडेड मध्येच तुटली

हे सगळ्यात गोंधळात टाकणारं. लाइन लीडरच्या कितीतरी वर, उगाच मध्येच तुटते. तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं, वाऱ्याने पडलेल्या गाठी. ल्यूर फेकताना ढिल्या लाइनचे फास पडतात आणि त्यातला एखादा आवळला जातो. तो सोडवला तरी त्या जागी तंतू दुमडलेले राहतात आणि लाइन कमजोर होते. असा फास सुटला की ती जागा नखाने चाचपायची. केसाळ वाटली तर तिथपर्यंतची लाइन कापा, हळहळ करू नका. फास पडू नयेत म्हणून फेकल्यावर रीलची बेल, म्हणजे लाइन अडवणारी तारेची कमान, हाताने बंद करायची, दांडा फिरवून नाही. लगेच एक हलका ओढा देऊन लाइन ताठ करायची आणि मगच गुंडाळायला लागायचं. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा हवी.

दुसरं, कडीचा टवका. रॉडच्या कड्यांमधली सिरॅमिकची रिंग गाडीत आपटून, खडकावर ठेवून तडकते. डोळ्याला दिसत नाही, पण ब्रेडेडला दरवेळी खरवडते. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून गोल फिरवा. कापूस अडकला तिथे टवका. सगळ्यात टोकाची कडी आधी बघा, मार तिलाच जास्त बसतो.

तिसरं, स्पूलवर रुतलेली लाइन. ब्रेडेड सैल गुंडाळलेली असेल तर मोठ्या ओढीला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि धाव अचानक अडकते. नवी लाइन भरताना ओल्या फडक्यात दाबून धरत ताणून भरली की हे होत नाही.

काहीच तुटलं नाही, गळ परत आला

आता गळाकडे बघा. तो सरळ झालाय का, टोक वाकलंय का, की जसाच्या तसा आहे?

टोक वाकलेलं किंवा बोथट असेल तर तो आधी कधीतरी शिंपल्यावर आपटला होता. अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून सरकवा. धारदार गळ नखात अडकतो, बोथट घसरतो. खाऱ्या पाण्यात पोलादी गळावर दोन दिवसांत तांब चढते आणि गंजलेलं टोक कठीण जबड्यात शिरत नाही. मी प्रत्येक नव्या जागी उभं राहिल्यावर नख लावून बघतो, दोन सेकंदांचं काम.

गळ जसाच्या तसा आणि धारदार असेल तर तो रुतला नव्हता किंवा माशाच्या तोंडात त्याने मोठं भोक पाडलं. काही माशांचं तोंड कागदासारखं नाजूक असतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका जातीला तर त्यावरूनच ‘वीकफिश’ असं नाव पडलं. अशा माशावर न ताणणारी ब्रेडेड आणि घट्ट ड्रॅग एकत्र आले की भोक फाटत जातं. उलट टारपन या माशाचं तोंड आतून जवळजवळ हाडाचंच. तिथे जोर लावूनही गळ शिरत नाही आणि मासा पहिल्या उडीतच तो झटकून टाकतो.

आणि गळ सरळ झालेला असेल तर तुमचा ड्रॅग चुकलाय. इथे थोडं थांबून बोलू, कारण वेटोळ्याखालोखाल मासे इथेच जातात.

ड्रॅग लावताना सगळे जण काय करतात? लाइन हातात धरून दोनदा ओढून बघतात आणि ‘हं, बरोबर आहे’ म्हणतात. मीही तेच करायचो. एकदा ताणकाटा आणला, लाइनला लावला, मित्राला तो ओढायला सांगितला आणि मी रॉड नेहमीसारखा वाकवून धरला. काटा तीन किलोच्या पुढे गेला तेव्हा कुठे लाइन सुटायला लागली. लाइन होती १० पौंडांची, म्हणजे साधारण साडेचार किलोंची. गाठीपाशी ती त्याहून कमजोर, ओल्या नायलॉनची असती तर आणखी कमजोर. मासा लागायच्या आधीच मी बहुतेक सगळी ताकद खर्चून बसलो होतो.

ढोबळ नियम असा की सगळ्यात कमजोर भागाच्या ताकदीच्या पाव ते जास्तीत जास्त एक तृतीयांश. १० पौंडांवर सव्वा किलोच्या आसपास. हलक्या साहित्यावर हे फारच ढिलं वाटतं, पहिले काही दिवस हात आपोआप ड्रॅगच्या नॉबकडे जातो. जाऊ देऊ नका. ताणकाटा लावताना रॉड पाण्याशी ४५ अंशांत धरून वाकवा, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांवर लाइन घासते आणि ते घर्षण ड्रॅगमध्येच जमा होतं. रॉड सरळ लाइनच्या दिशेने धरून मोजलं तर आकडा कमी येतो आणि आपण फसतो.

आता उथळ पाण्याची ती लांब धाव आठवा. ड्रॅगचा ब्रेक स्पूलच्या मध्याशी असतो, लाइन सुटते ती बाहेरच्या वेढ्यावरून. लाइन जशी बाहेर जाते तसा भरलेला घेर लहान होतो आणि तेवढ्याच ब्रेकला लाइनवरची ओढ वाढते. मध्यापासून वेढ्यापर्यंतचं अंतर २५ मिलिमीटरचं २० झालं तर सव्वा किलोचा ड्रॅग दीड किलोच्या वर जातो. तुम्ही नॉबला हात न लावता. त्यात पाण्यात बाक घेतलेल्या लाइनवरचा पाण्याचा दाब आणि तिच्यावर चढलेलं गवत मिळवा. म्हणून मासा लांब गेल्यावर ड्रॅग घट्ट करण्याची जी ऊर्मी येते ती नेमकी उलटी आहे. लांब गेला तर किंचित ढिला करा आणि त्याच्यामागे चालत जा. गुडघाभर पाण्यात चालता येतं, ही उथळ पाण्याची मोठी सोय आहे आणि ती वापरणारे कमी.

आकड्याइतकाच महत्त्वाचा ड्रॅगचा गुळगुळीतपणा. ताणकाट्याने सावकाश ओढताना काटा स्थिर राहायला हवा. आधी तीन किलोवर अडून मग धप्पकन दीडवर आला तर चकत्या चिकटलेल्या आहेत. बहुतेक वेळा कारण एकच: घरी आल्यावर ड्रॅग घट्टच ठेवून रील फडताळात टाकलं होतं, आठवडाभर दाबून चकत्या एकमेकींना चिकटल्या. त्यात मिठाचे कण. धुताना ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी आत शिरणार नाही, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, नळाची जोराची धार मारू नका, कारण ती मीठ आत ढकलते. वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आणि पाण्यात उतरल्यावर, पहिला ल्यूर फेकायच्या आधी, हाताने दोन-तीन वाव लाइन ओढून काढा.

फ्लायवर मासा लागतच नाही, नुसता टोचून जातो

फ्लायवाल्यांची तक्रार वेगळी असते. मासा फ्लाय घेतो, दिसतो घेताना, आणि तरी गळ लागत नाही.

हात वर जातो, हेच कारण. नदीत ट्राउटवर शिकलेल्यांची ही सवय मोडता मोडत नाही. रॉड वर उचलला की लवचीक टोक आधी वाकतं, सगळा जोर तिथेच जिरतो, आणि फ्लाय माशाच्या डोक्यावरून उडून जाते. त्यामुळे तो मासा तर गेलाच, शेजारचे चारही बुजतात.

खाऱ्या पाण्यात रॉडचं टोक पाण्याजवळ, सरळ माशाकडे. मासा घेतो असं वाटलं की डाव्या हाताने लाइन लांब, सलग ओढायची, थांबायचं नाही. वजन जाणवलं की मगच रॉड उचलायचा. मासा चुकला असेल तर फ्लाय हातभर पुढे सरकलेली असते आणि अजून त्याच्या डोळ्यांसमोर असते. बऱ्याचदा तो परत येतो. बोनफिश या माशावर मी हे शिकलो तेव्हा उजवी कोपर बरगड्यांना टेकवून ठेवायचो. हास्यास्पद दिसतं, पण हात वर जात नाही.

तळाशी चरणाऱ्या माशांसाठी क्लाउजरसारखी फ्लाय बरी. बॉब क्लाउजर यांनी तिच्या दांड्यावर धातूचे डोळे अशा जागी बांधले की ती पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर. गवतात कमी अडकते आणि वरच्या जबड्यात लागते.

गळ लागल्यानंतरचा पहिला क्षण दुसरा सापळा. पायाशी पडलेली सैल लाइन सुसाट वर येते. ती रीलच्या दांड्यात, शर्टाच्या बटणात किंवा बुटाखाली अडकली तर लीडर ताडकन जातो, टोकाला कुठलीही खूण न ठेवता. माशाकडे बघू नका, लाइनकडे बघा. सैल लाइन कड्यांमधून सगळी जाईपर्यंत डाव्या हाताची बोटं गोल करून तिला वाट द्या. मग मासा रीलवर आला.

आणि लीडर बोटांतून सरकवून बघा. हवेत फेकताना त्याला बारीक साध्या गाठी पडतात. अशी एक गाठ लीडरची ताकद जवळपास निम्मी करते. रॉड पुढे ढकलताना सुरुवातीलाच एकदम जोर मारला की फास स्वतःच्याच शेपटीवरून जातो आणि गाठ पडते. जोर हळूहळू वाढवत न्या, झटका शेवटीच येऊ द्या.

पायाशी आल्यावर सुटतो

लाइन आता दोन-तीन मीटर उरलेली असते. मोठी लाइन बाहेर होती तेव्हा थोडीफार ताणून झटके झेलत होती, आता काही झेलणारं नाही. त्यात मासा तुमचे पाय बघून शेवटची धाव मारतो आणि आपण आनंदाने रॉड कपाळामागे नेलेला असतो. अशा कोनात रॉडचं नुसतं टोक वाकतं, कधी मोडतंही.

मासा दिसायला लागला की ड्रॅग एक-दोन टिचक्या सैल करा. तुम्ही मागे सरका, माशाला ओढू नका. उडी मारणारा मासा असेल तर तो हवेत असताना रॉड त्याच्याकडे झुकवून लाइनला ढील द्या. उडी संपली की परत ताण. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाकला असेल तर तो सहज शिरतो आणि सहज निघतो, पण मग लाइन एक क्षणही ढिली पडता कामा नये. उडीवेळची ढील तेवढी अपवाद. सोडायचा मासा असेल तर पाण्यातच ठेवून गळ काढा, कल्ल्यात बोटं घालू नका.

आणि एक शेवटचं, जे शोधायला मला महिना लागला

ड्रॅग मोजला, सव्वा किलो. चकत्या नव्या. तरी मासा लागला की लाइन सुटत राहायची. नॉब पूर्ण आवळला तरी जायचीच. मी रील दुरुस्तीला दिलं, ते ‘काही दोष नाही’ म्हणून परत आलं, आणि खरंच दोष नव्हता. स्पूल जागच्या जागी स्थिर होतं, त्याच्यावरची ब्रेडेड एकजात गोल फिरत होती. गुळगुळीत धातूवर गुळगुळीत लाइन, मध्ये पकडायला काही नाही. ओळखायचं असेल तर भरलेल्या लाइनवर आणि स्पूलच्या कडेवर मार्करने एकाच रेषेत दोन ठिपके काढा, ड्रॅग घट्ट करून ओढा आणि ठिपके एकमेकांपासून सरकतात का बघा. सरकले तर सगळी लाइन काढा, स्पूलवर आधी चार-पाच मीटर नायलॉन घट्ट गुंडाळा, त्याला ब्रेडेड बांधा आणि परत भरा.